चिलखत बेतताना

एरवी दर आठवड्याला या सदरात मी आमच्या सोसायटीतले, फार तर आमच्या पेठेतले काहीबाही सांगत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादक दोन पाने जास्त देतात आणि वर, "या खेपेला जरा लांबचे काही येऊ द्या," असे बजावतात. यंदा मी खरोखरच लांबचे आणले आहे. गेल्या वर्षी सहा महिने विलायतेत राहून आणले आहे. विषय ऐकून बागेतल्या बाकावरची आमची मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागली, त्याच नजरेने वाचकही पाहतील. पण सांगूनच टाकतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी एका शिपायाचे चिलखत बेतले.

'बेतले' हा शब्द मुद्दाम वापरला. माझी आई शिवणकाम करी. कापड कापणे आणि कापड बेतणे यांत ती मोठा फरक मानी. कात्री चालवता आली की कापता येते. बेतायला माणसाचे अंग ठाऊक असावे लागते. कुणाचा एक खांदा उतरता असतो, कुणाच्या पाठीला जरासा पोक असतो, कुणाला बाही दोन बोटे सैलच हवी असते. हे सारे ध्यानात घेऊन खडूची रेघ मारायची, याला ती बेतणे म्हणे. चिलखतही बेतावे लागते हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळले, आणि तेही ज्या शिपायांना चेहरा नाही की नाव नाही, अशा शिपायांच्या चिलखतावरून कळले.

आमची लेक लंडनच्या वायव्येला बोरहमवुड नावाच्या गावात असते. जावई दंतवैद्य आहेत. नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी आणि आमच्या सौ. मे महिन्याच्या मध्यावर तिकडे गेलो. जून लागला आणि एके दिवशी दुपारी दारात एक भलेमोठे खोके येऊन पडले. नातू धावत आला. त्याचे मराठी अर्धेमुर्धे आहे; मी ते पुरे करून लिहितो. म्हणाला, "आजोबा, हे माझं आहे. शनिवारी दुकानात काम करून पैसे साठवले होते. डॅडना एवढ्यात सांगू नका."

खोके माझ्या कमरेएवढे उंच. ते लपवायचे म्हणजे हत्ती कोनाड्यात ठेवायचा! संध्याकाळी जावईबापूंनी ते पाहिलेच. खोक्यावरचा कागद वाचला, मुलाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, की पुढच्या वर्षी तुझी मोठी परीक्षा आहे. मुलगा म्हणाला, ठाऊक आहे. बापलेकांचे त्या दिवसाचे बोलणे तिथे संपले. एरवीही ते याहून फारसे लांबत नसे.

खोक्यात होते 'स्टार वॉर्स' या चित्रपटातल्या शिपायाचे पांढरे चिलखत; जुळवलेले नव्हे, सुटे. ज्या वाचकांनी तो चित्रपट पाहिला नसेल (माझ्या वयाचे पुष्कळ निघतील) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1977 साली निघालेल्या या अमेरिकन चित्रपटात आकाशगंगेवर सत्ता गाजवणारे एक दुष्ट साम्राज्य आहे, आणि हे त्याचे पायदळ. स्टॉर्मट्रूपर हे त्यांचे नाव. नखशिखांत पांढरे, कवटीची आठवण करून देणारे शिरस्त्राण, सारे एका साच्यातले. आत कोण आहे ते कळू नये, अशीच त्या वेषाची घडण. नेमबाजीत मात्र हे वीर अगदीच कच्चे. नायकावर बारामागून बार काढतात आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. एका दृश्यात तर एका शिपायाचे डोके वर उचललेल्या दारावर थाडकन आपटते, आणि ते दृश्य चित्रपटात तसेच राहून गेले आहे. पुढे ते शिरस्त्राण मी स्वतः घालून पाहिले, तेव्हा त्या बिचाऱ्याबद्दल मला फार सहानुभूती वाटली.

गंमत अशी, की चित्रपट अमेरिकेचा असला तरी त्याचे बरेचसे चित्रीकरण 1976 साली याच बोरहमवुडमध्ये, एल्स्ट्री स्टुडिओत झाले. त्या स्टुडिओच्या जुन्या आवाराच्या काही भागावर आता वाणसामानाचे मोठे दुकान उभे आहे. ज्या आवारात आकाशगंगेचा निकाल लागला, तिथे आमच्या सौ. रोज कोथिंबिरीची जुडी पारखीत असत आणि ती आपल्या मंडईतल्यापेक्षा किती महाग आहे ते मला रुपयांत करून सांगत असत.

शिपायांचे रूप राल्फ मॅक्वारी या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांवरून ठरले. चित्रपटाच्या पोशाखांचे काम जॉन मोलो या इंग्रज गृहस्थांकडे होते. त्याबद्दल त्यांना 1978 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. शिरस्त्राणे तयार केली ती लंडनच्याच ट्विकनहॅम भागातल्या अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने. रीत अशी: प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर अंथरायचा आणि खालची हवा शोषून घ्यायची. वरच्या हवेच्या दाबाने पत्रा साच्याला घट्ट बिलगतो. मिठाईच्या खोक्यात खाचाखाचांचे पातळ प्लास्टिकचे तबक असते ना, ते याच रीतीने होते. पुढे या शिरस्त्राणावरून चित्रपटाची कंपनी आणि एन्सवर्थ यांच्यात खटला झाला. शिरस्त्राण हे शिल्प आहे की नाही, हा प्रश्न थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2011 साली न्यायमूर्तींनी निकाल दिला की हे शिल्प नव्हे. न्यायालयाचा मी मान राखतो. पण ज्या न्यायमूर्तींना ही वस्तू सोपी वाटत असेल, त्यांनी एकदा आमच्या लेकीच्या गॅरेजमध्ये येऊन ती जुळवून पाहावी.

कारण खोक्यात तीसहून जास्त तुकडे निघाले. सारे पांढऱ्याशुभ्र एबीएस नावाच्या प्लास्टिकचे. छाती, पाठ, पोट, कंबर. दंडाची, हाताची, मांडीची आणि पोटरीची प्रत्येकी दोन दोन अर्धुके, डावी निराळी आणि उजवी निराळी. प्रत्येक तुकड्याभोवती साच्याची जादा कड सुटलेली, घावनाला सुटते तशी. कुठे खूण नाही, आकडा नाही. मी खोके उपडे करून झटकले. माहितीचा कागदही नाही!

"अरे, हे कसं जुळवायचं ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"लिहिता येत नाही, आजोबा. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे कापायचं असतं."

माझे कान टवकारले. मी म्हणालो, "म्हणजे बेतायचं!" आणि सौ.च्या पिशवीतून मोजपट्टी घेऊन आलो.

आमच्या नातवाने जाणता झाल्यापासून मला इतका वेळ जवळ उभे राहू दिले नव्हते. आता तो हात पसरून उभा राहिला आणि मी मापे घेऊ लागलो. दंड, मनगट, मांडी वर, मांडी खाली, पोटरी, घोटा. फुटबॉल खेळणारा पोरगा. उजवी पोटरी डावीपेक्षा जाड भरली. उजवा खांदा तसूभर खाली. मी त्याला म्हटले, "तुझ्या पणजोबांचाही असाच होता." त्याला हे नवीन होते. आरशात जाऊन त्याने खांदा पाहिला आणि परत येऊन उभा राहिला. पहिल्यापेक्षा ताठ.

तेव्हा मला या वेषातली खरी खुबी उमगली. पडद्यावर हे शिपाई एकासारखे एक दिसतात. पण तसे दिसायचे, तर प्रत्येकाचे चिलखत निराळे कापावे लागते! एकाच साच्यातून निघालेला पत्रा माझ्या नातवाच्या पोटरीला एक माप मागतो आणि दुसऱ्याच्या पोटरीला दुसरे. साचा फक्त पत्रा देतो. माणूस त्यात बसवायचा तर मोजपट्टी घेऊन दुसऱ्या माणसाला वाकावेच लागते.

काम सुरू झाले. कापायची तऱ्हा अशी: पेन्सिलीने रेघ काढायची, त्या रेघेवर धारदार पात्याने दोनचार वेळा ओरखडा पाडायचा आणि मग कड हलक्या हाताने मागेपुढे वाकवायची. कट्कन आवाज येतो आणि कड सुटते. वळणाच्या जागी वाकड्या पात्याची कात्री. मग दोन अर्धुके समोरासमोर आणून सांध्यावर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची. हाताच्या सांध्यांना आम्ही 15 मिलिमीटर रुंदीची पट्टी ठेवली, पायांना पुढून 20. गोंद ई-6000 नावाचा. तो वाळून पुरा पक्का व्हायला दोनतीन दिवस घेतो. पण चूक झाली तर ओढून सोलताही येतो, हा त्याचा मोठा गुण. गोंद वाळेपर्यंत सांधा हलू नये म्हणून आतून एक आणि बाहेरून एक असे बळकट लोहचुंबक लावायचे, वर चिमटे. आमचा गोंद वाळेपर्यंत सौ.ची दोरीवरचे कपडे वाळवायची पंचाईत झाली, कारण घरातला चिमटा न् चिमटा गॅरेजमध्ये होता.

मांडीचा तुकडा जरा उघडा राहिला, मिटेना. त्यावर उपाय म्हणजे कढत पाण्याचा. तेवढ्या पाण्यात एबीएस नरमते, हाताने वळवता येते आणि गार पाण्याखाली धरले की तोच आकार पकडते. मी स्वयंपाकघरात जाऊन सर्वांत मोठे पातेले मागितले.

"कशाला?" सौ.नी विचारले.

"मांडी उकडायची आहे."

पातेले मिळाले नाही. शेवटी लेकीने बागेतली बादली दिली.

जुलैतल्या एका दुपारी गोंद वाळायची वाट पाहत आम्ही दोघे गॅरेजच्या पायरीवर बसलो होतो. मी सहज विचारले, "हे घालून तू जाणार कुठे?" त्याने सांगितले ते मी ऐकत राहिलो.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात अल्बिन जॉन्सन नावाचे एक गृहस्थ आहेत. अपघातामुळे त्यांना एक पाय गमवावा लागला. पुढे त्यांनी हे पांढरे चिलखत घालायला सुरुवात केली. चिलखतात शिरले की कुठला पाय खरा आणि कुठला बसवलेला, ते कुणाला दिसत नसे. 1997 साली त्यांनी असे वेष करणाऱ्यांची एक संघटना काढली, 'फाइव्ह-ओ-फर्स्ट लिजन' नावाची. आज तिच्या शाखा देशोदेशी आहेत, ब्रिटनमध्येही आहे. हे लोक चित्रपटातल्या दुष्टांचे वेष घालतात आणि धर्मादाय कामाला जातात. मुलांच्या इस्पितळात जातात. जॉन्सन यांच्या मुलीला, केटीला, मेंदूत गाठ झाली. 2005 साली ती गेली. चित्रपटातल्यासारखा एक यंत्रमानव आपल्याजवळ असावा असे तिला वाटे, म्हणून त्या छंदातल्या लोकांनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचा यंत्रमानव केला आणि त्याला तिचे नाव दिले. पुढे तो किती तरी आजारी मुलांना भेटून आला.

"अठरा वर्षं पुरी झाली की त्यांच्यात जाता येतं," नातू म्हणाला. "आधी चिलखताचे फोटो पाठवायचे. पुढून, मागून, बाजूनं. ते बारकाईनं पाहतात. पट्टी वाकडी असली तर परत पाठवतात."

"पण तुला हे सुचलं कसं?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "मी आठ वर्षांचा असताना हाताचं ऑपरेशन झालं होतं ना? तेव्हा वॉर्डात असा एक शिपाई आला होता. येताना त्याचं डोकं दारावर आपटलं. मुद्दाम की खरंच, ठाऊक नाही. मी खूप हसलो."

ते ऑपरेशन मला आठवत होते. पुण्यात फोनपाशी बसून आम्ही दोघांनी ती रात्र काढली होती. शिपायाचे मात्र आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

"डॅडना सांगितलंस हे?"

"त्यांनी विचारलं नाही."

यानंतर आठच दिवसांनी मी तो पराक्रम केला, ज्याची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात. नातू बाहेर गेला होता. मला वाटले, तो येईपर्यंत डावी पोटरी कापून ठेवावी. रेघ मारली, पाते चालवले, कड वाकवली. कट्! आणि हातातल्या तुकड्याकडे पाहतो तो, मी डाव्या पोटरीला उजव्या पोटरीचे माप लावलेले, आणि तेही उलट्या कडेने! बाहेरचे अर्धुक चांगले 12 मिलिमीटर तोकडे झाले होते. ज्या मुलाच्या दोन पोटऱ्या सारख्या नाहीत हे मीच शोधून काढले होते, त्याच मुलाची पोटरी मी चुकवली.

नातू आला. तुकडा हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला. "असू दे, आजोबा," म्हणाला आणि वर खोलीत निघून गेला. वाचकहो, त्याने आदळआपट केली असती तर मला बरे वाटले असते. 'असू दे' हे शब्द फार लागतात.

रात्री मला जेवण गेले नाही. सौ. म्हणाल्या, "सासूबाईंनी कधी चुकीचं कापलंच नसेल का?"

"कापलं होतं. एकदा. एका बाईंचं लग्नातलं पोलकं."

"मग काय केलं त्यांनी?"

"काखेत कळी घातली."

"कशाची?"

"त्याच कापडाची. आई चिंध्या टाकून..." आणि मी पानावरून तसाच उठलो.

आईची सवय मला लागलेली आहे. चिलखताच्या कापून काढलेल्या कडा मी एकही टाकली नव्हती. सगळ्या बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. आणि नातवाने मागे एकदा मला सांगितले होते, की या प्लास्टिकचा कीस असिटोनमध्ये, म्हणजे बायका नखांचा रंग पुसतात त्या द्रवात, भिजत घातला की विरघळून त्याची लापशी होते. ती लापशी फटीत भरली आणि असिटोन उडून गेले, की मागे उरते ते पुन्हा तेच प्लास्टिक. जखम भरायला त्याच अंगाचे मांस!

मी खिडक्या उघडून डब्यातल्या कडा किसत बसलो. साडेदहाच्या सुमाराला गॅरेजचे दार उघडले आणि जावईबापू आत आले. त्यांनी काही न बोलता तो तोकडा तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि दाढ पाहावी तसा पाहिला.

"बाबा, नुसती लापशी भरून धरणार नाही हे," ते म्हणाले. "आधी मागून आधाराची पट्टी हवी. मग बारा मिलिमीटरचा जोड. कडा खरवडून घ्यायला हव्यात. आणि एकदम भरायचं नाही; हे वाळताना आक्रसणार. पातळ पातळ थर द्यावे लागतील."

दिवसभर ते हेच तर करतात! वर जाऊन त्यांनी आपला कामाचा भिंगाचा चष्मा आणि दोन बारीक चमचे आणले. मी कीस करून देऊ लागलो. अर्ध्या तासाने आवाज ऐकून नातू खाली आला आणि दारात उभा राहिला. जावईबापूंनी मान वर केली नाही. "हे इथं धर," एवढेच म्हणाले. त्याने धरले.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. बहुधा माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा एक वाजून गेला होता आणि बापलेक काहीतरी बोलत होते. जावईबापू विचारत होते, "पण का? हेच का?" मी पटकन डोळे मिटून घेतले. त्यांनी मला विचारले असते तर मी सांगणार नव्हतो. ते ज्याचे त्यानेच सांगायचे होते. त्याने सांगितले. वॉर्ड, दार, आपटलेले डोके, सगळे. मग बराच वेळ शांतता. मग जावईबापू म्हणाले, "मी तेव्हा खाली गाडी लावायला गेलो होतो. परत आलो तर तू हसत होतास. मला वाटलं, औषधाचा परिणाम."

चार दिवस थर देणे चालले. मग ओल्या पॉलिश-कागदाने घासणे, आधी 400 नंबर, मग 800, मग 1200, आणि शेवटी चकाकीचे मलम. हाताला जोड लागत नव्हता. डोळ्याला लागत असे, पण ठाऊक असले तरच.

रंगकाम राहिले होते. पांढऱ्याला रंग द्यावा लागत नाही. तो प्लास्टिकचा अंगचाच रंग, फक्त उन्हात ठेवू नये, पिवळा पडतो. रंग लागतो तो शिरस्त्राणाला आणि पोटावरच्या बटणांना. हंब्रॉलच्या बोटाएवढ्या डब्या आणल्या: 5 नंबरचा करडा, 14 नंबरचा निळा आणि काळा. गालांवर निळ्या तिरप्या रेघा ओढायच्या होत्या. मी म्हणालो, "हे तूच कर बाबा, माझा हात कापतो." नातू म्हणाला, "म्हणूनच तुम्ही करा. पहिल्या चित्रपटात त्या हातानंच रंगवल्या होत्या. जरा वाकड्याच आहेत. फार सरळ आल्या तर खोट्या दिसतात."

हात कापतो म्हणून निवृत्तीनंतर सर्वांनी माझ्याकडची कामे काढून घेतली. हात कापतो म्हणून मिळालेले हे पहिले काम! चिकटपट्टीने हद्द आखून, शून्य नंबरच्या कुंचल्याने मी एकेक रेघ ओढली. चुकली ती टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली. सौ. मागे उभ्या राहून म्हणाल्या, "गौरीच्या भुवया यापेक्षा बऱ्या काढता."

ऑक्टोबरात नातवाला अठरावे लागून पुरे झाले आणि चिलखतही पुरे झाले. पहिल्यांदा चढवायला पाऊण तास लागला. आधी अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख, मग पांढरे बूट, पोटऱ्या, मांड्या, मग कंबर, छाती, पाठ, हात, खांदे आणि सर्वांत शेवटी शिरस्त्राण. डोळ्यांच्या जागी गडद हिरवी काच, आत वारा घालायला दोन इवलेसे पंखे. तरीही श्वासाने काच धुरकटते, पायाखालचे दिसत नाही. त्यात बसता येत नाही, वाकता येत नाही, जमिनीवर पडलेली वस्तू उचलता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, एकट्याने ते चढवताच येत नाही. पाठ आणि छाती जोडणारी खांद्याची पट्टी मागे असते. तिथे घालणाऱ्याचा हात पोचत नाही. आकाशगंगा थरथरवणारा हा शिपाई कुणीतरी मागे उभे राहून बटण लावीपर्यंत दारातच खोळंबून राहतो.

त्या दिवशी मागे मी उभा होतो. बोटांना ते टणक बटण दाबवेना. जावईबापू पुढे आले, "बाबा, मी बघतो," म्हणाले, आणि एका दाबात बटण बसले. मी बाजूला झालो. आम्ही नोव्हेंबरात परतणार, मग हे बटण कोण लावणार, हा प्रश्न मला कित्येक दिवस सतावत होता. तो मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

फोटो पाठवले. उत्तर आले, की कमरपट्टा बोटभर वर घ्या, बाकी ठीक. डाव्या पोटरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दिवाळीत मी कामट्यांचा आकाशकंदील केला. कागद चिकटेपर्यंत धरायला नातवाने आपले लोहचुंबक आणि चिमटे आणून दिले. कामटीला चुंबक कसा चिकटणार, असे मी म्हणालो, तर तो दोन्हीकडून एकेक लावून मोकळा झाला. विद्या अशी इकडून तिकडे जाते.

आम्ही पुण्याला परतलो. नोव्हेंबर संपत आला होता. शनिवारची दुपार, अडीचची वेळ. पुण्यात या वेळी कुणी कुणाला फोन करीत नाही, हे जावईबापूंना लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. तरी फोन वाजला. मी डोळे चोळत घेतला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते आणि मागून नातवाचा, डब्यातून यावा तसा, आवाज येत होता.

"बाबा, झोपमोड केली, माफ करा," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "आम्हाला दहाला इस्पितळात पोचायचंय. डाव्या खांद्याची पट्टी आतल्या बटणाला की बाहेरच्या?"

"आतल्या," मी म्हणालो. "आणि उजवी एक बोट सैल ठेवा. त्याचा तो खांदा उतरता आहे."

"ठाऊक आहे," जावईबापू म्हणाले, "माझाही आहे."